तुमी आतच थांबा, वैनी

कच्चा चिवडा कालवायला मला एक ओव्हर लागते. चार मिनिटं म्हणा. परातीत मुरमुरे ओतायचे, त्यावर भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याची डाळ, बारीक शेव, तिखट, मीठ, चिमूटभर काळा मसाला आणि मग कच्चं तेल. तेल तापवायचं नाही. इथेच वऱ्हाडाबाहेरची माणसं नाक मुरडतात आणि एकदा खाल्लं की पुन्हा परातीत हात घालतात. तेल हातानेच चोळायचं, चमच्याने नाही. कांदा, टमाटा, हिरवी मिरची आणि सांबार अगदी शेवटी टाकायचं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, त्यावरून बाहेरच्यांचा घोटाळा होतो तो वेगळाच. कांद्याला पाणी सुटलं की मुरमुरे मऊ पडतात, म्हणून कांदा पडला की थांबायचं नाही. वरून लिंबू पिळायचं, परात उचलायची आणि नेऊन द्यायची.

नेऊन द्यायची म्हणजे बैठकीच्या दारापर्यंत. तिथे कोणीतरी बसल्या जागेवरून हात लांब करून ती घेतो. वाशीममधल्या माझ्या स्वतःच्या घरात मी कित्येक वर्षं मॅच पाहिली ती अशी, परात एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत. कारण मी बाहेर आले की आपली विकेट जाते. हे माझं मत नाही. हे माझा नवरा आणि त्याचे तीन मित्र यांनी ठरवलेलं आहे, आणि चौघेही शिकलेले आहेत.

मला क्रिकेट कळत नसतं तर मी यावर हसून सोडून दिलं असतं. शेजारपाजारच्या बायका तसंच म्हणतात, "बरं हाये ना माय, तितकीच आपल्याले सुटका." त्यांना मॅच म्हणजे कटकट वाटते आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण मला कळतं. त्या खोलीत बसणाऱ्या चौघांना मिळून जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त कळतं, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, संतापून सांगते.

माझं माहेर केनवडचं. वडलांचा भाजीचा मळा होता, वांगी, मेथी, सांबार असा. मोठा भाऊ गावच्या टीमकडून खेळायचा आणि थंडीत गावाबाहेरच्या पटांगणावर टेनिस बॉलच्या टुर्नामेंट भरायच्या. आजूबाजूच्या गावांच्या टीम ट्रॅक्टरमध्ये बसून यायच्या. स्कोअर लिहिणारे शाळेतले गुरुजी एका वर्षी तापाने पडले, तेव्हा भावाने मला बोलावलं. "हिचं अक्षर चांगलं हाये, हिले बसवा," एवढंच कारण. मी सातवीत होते. पुढची पाच वर्षं ते टेबल माझंच होतं.

स्कोअर लिहिणाऱ्याला मॅच जशी दिसते तशी दुसऱ्या कोणाला दिसत नाही. बाकीचे लोक चौकार पाहतात, मी टिंबं पाहायचे. ज्या बॉलवर काही होत नाही त्याचं टिंब द्यायचं असतं. एका मागे एक अशी टिंबं पडत गेली की मला आधीच कळायचं, आता हा चिडणार आणि उगाच उंच मारणार. अंपायर वाइड द्यायला विसरला तर मी टेबलावरून हाक मारायचे आणि पंचविशीतले बाप्ये माझं ऐकायचे. पावसाने ओल्या झालेल्या एका मॅचच्या शेवटी दोन गावं एका रनवरून भांडायला उठली, तेव्हा भांडण माझ्या वहीपाशी येऊन थांबलं. त्या दिवशी वडील मळ्यातून थेट पटांगणावर आले होते, हातापायाला माती. घरी जाताना त्यांनी वही स्वतः हातात घेतली. मला अजून तो रस्ता आठवतो.

तर असं माझं क्रिकेट. मला पाहायला आले तेव्हा मुलाने विचारलं, आवड कशाची आहे? भरतकाम सांगायचं असं आईने बजावलेलं होतं. मी क्रिकेट म्हणाले. आईचा चेहरा पडला, पण मुलगा खुदकन हसला आणि म्हणाला, "मंग तं जमलंच." त्या एका वाक्यावर मी त्याला हो म्हटलं. लोक नोकरी बघतात, घर बघतात. मी हे बघितलं.

पहिलं दीड वर्ष तसंच गेलं, ते खोटं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, एक पलंग, समोर लहानसा टीव्ही. हिवाळ्यात मी तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ठेवायचे आणि आम्ही दोघं पलंगावर मांडी घालून मॅच बघत शेंगा सोलायचो. यापेक्षा सोपं खाणं जगात नसेल. शेंगा धुवायच्या, मूठभर मीठ टाकायचं, उकडायच्या. टरफलांसाठी मधे सूप ठेवायचं. तो मला विचारायचा, "आता कोणाले बॉलिंग देईन कॅप्टन?" आणि मी सांगायचे, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला वाटलं होतं, आपला संसार म्हणजे हेच असणार. मूर्खच होते.

मग आम्ही स्वतःचं घर बांधलं. बैठक मोठी झाली, टीव्ही मोठा झाला आणि मित्र यायला लागले. एक खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा, एक शाळामास्तर आणि एक कोर्टातला बाबू. माणसं वाईट नव्हती, आजही नाहीत. मला वैनी वैनी करत, जिन्यात चपला नीट काढून ठेवत, निघताना "वैनी, हाताले चव हाये तुमच्या" असं न चुकता म्हणत. सुरुवातीला मीही त्यांच्यातच बसायचे. भजी आधी तळून घ्यायची, चहा थर्मासमध्ये भरायचा आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. माझी जागा ठरलेली होती.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मिरचीची भजी होती. भावनगरी मिरची मधे चिरायची, आत तीळ-शेंगदाण्याचं कूट, ओवा आणि थोडी चिंच भरायची, बेसनात बुडवून तळायची. किचकट वाटतं, पण मसाला आधी भरून ठेवला की तळणाला दहा मिनिटंच लागतात, त्यातच खरी सोय आहे. दुसरा घाणा काढून मी ताट घेऊन बाहेर आले आणि आपला जमलेला माणूस बोल्ड झाला. मी आत गेले, तिसरा घाणा काढला, बाहेर आले, आणि दुसरा गेला. दोनदा. फक्त दोनदा.

खतवाला ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, तुमी येता अन् विकेट जाते. पाह्यलं का?"

सगळे हसले. मीही हसले. मास्तर म्हणाले, "एक डाव पाहून घेऊ. वैनी, तुमी आतच थांबा थोडं. रागावू नका."

मी थांबले. आणि विकेट पडली नाही. आता त्या वेळी शेवटच्या दहा ओव्हर उरल्या होत्या, समोरच्यांचे चांगले बॉलर संपलेले होते, तिकडून पोरासोरांनी बॉलिंग करावी तशी चालली होती. विकेट पडायचं कारणच नव्हतं. हे मला ओट्यापाशी उभं राहून, नुसत्या आवाजावरून कळत होतं. पण मॅच जिंकली आणि सिद्ध झालं. जाताना बाबू म्हणाले, "आज वैनीइनं जिंकून देली." मी खुश झाले होते, हे सांगायला आज लाज वाटते.

पुढच्या मॅचला मी खुर्चीकडे गेले तर तिच्यावर नवऱ्याने पाण्याची कळशी ठेवलेली होती.

तसे नियम सगळ्यांनाच होते, हे मान्य करायला हवं. मास्तरांनी एकदा पायावर पाय टाकला आणि भागीदारी जमली, तर ती तुटेपर्यंत पाय काढायचा नाही. बाबूंना लघवीला जायचं असलं तरी कोणी जाऊ द्यायचं नाही, ते बिचारे कळवळून म्हणायचे, "अरे, फुटन ना बे मी," आणि तरी बसून राहायचे. खतवाल्याचा एक ठरलेला शर्ट होता, तो धुवायचा नाही. वाशीमच काय, कुठल्याही गावात मॅच बघणारी माणसं हेच करत असतील. पण फरक पाहा. त्यांचे सगळे नियम जागेवर बसून राहण्याचे होते. उठून जाण्याचा नियम माझ्या एकटीचा.

आणि मग दुसरा शोध लागला, तो पहिल्याच्या वरताण. समोरचे बॅटिंग करत असताना विकेट हवी असली तर? साधा हिशेब. वैनी आली की विकेट जाते, मग बोलवा वैनीला.

"वैनी! या बरं जरा बाहेर! जमून राह्यले थे दोघं!"

मी हातातलं काम टाकून दारात जायचे. एक बॉल, दोन बॉल, एखाद्या वेळी विकेट पडायचीच, क्रिकेटमध्ये विकेटा पडतातच. टाळ्या पडायच्या, "वैनी झिंदाबाद" व्हायचं आणि लगेच, "बस, झालं. आता जा आत." रिप्लेसुद्धा बघू द्यायचे नाहीत. पुढचा माणूस आला की नवीन भानगड नको. एका रविवारी मात्र विकेट पडेना. मी दारात उभी, आत कढईत पाटवड्या. बेसन शिजवून थापलेल्या वड्या तशा खुशाल ठेवता येतात, पण त्या दिवशी मी त्या तळायला घेतल्या होत्या. एक ओव्हर झाली, दुसरी झाली. मास्तर डोकं खाजवून म्हणाले, "मागच्या टायमाले वैनीच्या हातात झारा होता."

नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "हाव ना. झारा आन व."

मी झारा आणला. हे मी लिहिते आहे आणि माझे कान तापले आहेत. तिशी ओलांडलेली बाई, पाच वर्षं ज्या पोरीने दोन दोन गावांचा स्कोअर सांभाळला ती, हातात तेलाचा झारा धरून चार पुरुषांसमोर उभी राहिली, कारण त्याने विकेट पडते. "जरासा वर धरा," खतवाला म्हणाला. मी वर धरला. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. विकेट पडली तेव्हा मागून करपल्याचा वास आला, आणि नवऱ्याचा पहिला शब्द होता, "काही जळून राह्यलं का?"

एवढं सगळं होऊन मी मॅच सोडली नाही. आतून ऐकून ऐकून माझा कान तयार झाला. चौकाराला खतवाल्याचा आवाज फुटायचा, षटकाराला मास्तर मांडी बडवायचे, कॅच सुटला की चौघे मिळून एकच शिवी द्यायचे, ती अर्धवट, मी आत आहे हे आठवून. विकेटीला आधी शांतता असायची. त्या शांततेवर मी पिठाच्या डब्यावर पीठ लागलेल्या बोटाने रेघ ओढायचे. संध्याकाळी डबा पुसताना पूर्ण डाव त्यावर असायचा.

पण खरी मौज वेगळीच होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून. त्यांच्याकडेही मॅच लागलेली असायची आणि त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा काही सेकंद पुढे चालायचा. आमच्याकडे बॉलर पळायला लागायचा तोवर शेजारी ओरडून मोकळे झालेले असायचे. म्हणजे घरात सगळ्यात आधी मला कळायचं. बाहेर चौघे श्वास रोखून बसलेले आणि मी आत कांदा चिरत असायचे, निकाल ठाऊक असलेली. याचा आनंद मी कोणाला सांगितला नाही. माझ्याकडे तेवढंच होतं.

एकदा मात्र सांगावं लागलं. मी चहाचा ट्रे उचलला तेव्हा शेजारून हळहळ ऐकू आली. म्हटलं, गेली विकेट, आता जायला हरकत नाही. चार पावलं टाकून दारात आले आणि आमच्या टीव्हीवर तीच विकेट पडली. खतवाल्याने कपाळाला हात लावला. नवरा पहिल्यांदाच मित्रांसमोर माझ्यावर ओरडला.

"तुले किती वेळा सांगतलं व? कायले येतं मधात?"

मी ट्रे खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की ही विकेट मी ओट्यापाशी होते तेव्हाच पडलेली आहे. शेजारचा टीव्ही पुढे आहे. मी ऐकलं, मग निघाले. माझ्यामुळे विकेट गेली नाही, विकेट गेली म्हणून मी आले. हवं तर आता आत चला, पुढचा बॉल तुम्हाला आधी ऐकवते.

बाबू, कोर्टातले असल्याने असेल, जरा विचारात पडले. "पॉइंट तं बरोबर हाये," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकलो आपण.

नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तुयं खरं असन. पण रिस्क कायले घ्यायची?"

नुसता अडाणीपणा असता तर मी भांडले असते. पण ह्याला माझं म्हणणं पटलेलं होतं. पटूनही मी आत राहिलेलीच त्याला बरी वाटत होती, कारण मी आत राहिल्याने त्याचं काहीच जात नव्हतं. त्या संध्याकाळी भज्यांच्या पिठात मी मीठ घातलं नाही. मुद्दाम. चौघांनी ताट चाटूनपुसून संपवलं आणि "हाताले चव हाये" म्हणून गेले.

मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला बाहेर बसायला बंदी नव्हती, ती बापाच्या मांडीवर. मी तिला क्रिकेट शिकवायचं ठरवलं होतं, वहीत टिंबं कशी देतात तेही एकदा दाखवलं होतं. एका मॅचला मी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आले, तर तिने बसल्या जागेवरून तळहात उंच केला, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा.

"आई, नको ना येऊ! आताच सेट झाला तो!"

"बापावर गेली पोरगी," असं म्हणत खतवाल्याने तिला शाबासकी दिली. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत गेले आणि ओट्याशी तोंड करून रडले. झारा धरला त्या दिवशी रडले नव्हते. आता ती पुण्यात नोकरीला आहे. मध्यंतरी फोनवर मी तिला ही गोष्ट सांगितली, तर ती हसायला लागली. "आई, मी असं म्हटलं होतं? किती क्यूट ना!" मी म्हटलं, हो, क्यूटच.

गेल्या वर्षी मास्तरांनी नवीन घर बांधलं आणि बैठकीच्या अख्ख्या भिंतीएवढा टीव्ही घेतला. मंडळींचा मुक्काम तिकडे हलला. मला वाटलं, सुटले. पण पहिल्याच रविवारी नवरा म्हणाला, "चिवडा तुयाच हातचा पायजे म्हणतात सारे. कोरडं वेगळं दे, कांदा-टमाटा वेगळा, तेल वेगळं. तिथं कालवून घेऊ." माझ्यापासून चिवडा तेवढा वेगळा काढता येत होता. मी तीन डबे भरून दिले. कांदा शेवटी टाका, हाताने चोळा, असं दोनदा सांगितलं. तो "हाव हाव" करत मोटरसायकलला किक मारून गेला.

दुपारचे दोन वाजले होते. घरात मी एकटी होते. शेजाऱ्यांकडे कुलूप होतं, ते जऊळक्याला लग्नाला गेले होते. मला ते कळायला थोडा वेळच लागला, की आता बाहेर कोणी नाही. टीव्ही आहे, मॅच आहे आणि मी आहे.

मी काही साधंसुधं करायचं नाही असं ठरवलं. ज्वारीचे पापड भाजले, त्यावर कांदा, तिखट, सांबार आणि कच्च्या तेलाचे दोन थेंब टाकले. चहा केला. साडी बदलली, हेही सांगून टाकते. आणि नवऱ्याच्या खुर्चीवर, टीव्हीच्या अगदी समोर, पाय वर घेऊन बसले. समोरच्यांचा डाव सकाळीच आटोपला होता, आपली बॅटिंग नुकतीच सुरू झाली होती.

पहिल्या चार ओव्हर मी किती सुखाने बघितल्या ते मला लिहिता येणार नाही. इतकी वर्षं मी आवाज ऐकत होते, आता माणसं दिसत होती. बॉलर पळत येण्याआधी बॉल हातात कसा फिरवतो ते दिसत होतं. स्लिपमधला फिल्डर गुडघ्यावर हात ठेवून वाकलेला दिसत होता. आपला ओपनर बॉल सोडून देत होता, एक, दोन, तीन, आणि मी खुर्चीत बसून मोठ्याने म्हटलं, "शाब्बास, सोड. आणखी एक सोड." घरात माझाच आवाज घुमला. मला हसू आलं.

पाचव्या ओव्हरला तो गेला. बॉल बाहेर टप्पा पडून आत आला होता, चांगला बॉल होता, कोणीही गेला असता. मी स्वतःला तसं सांगितलं. पापडाचा तुकडा तोंडात होता, तो चावायचा राहिला. पुढच्याच ओव्हरला दुसरा गेला, पॅडवर. अंपायरचं बोट वर गेलं.

नवीन बॉल आहे, मी म्हटलं. पहिल्या दहा ओव्हरमध्ये दोन विकेटा म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. माझ्या वहीत असे कितीतरी डाव होते. तिसरा माणूस आला, गार्ड घेतला. तो अगदी तरुण होता, चेहऱ्यावर घाम. बॉलर वळला आणि पळत निघाला, आणि मी उठले. कोणी काही म्हटलं नव्हतं. घरात म्हणायला कोणी नव्हतंच. पाणी प्यायला जाते, असं मी मनात म्हटलं आणि आत गेले आणि पाणी प्यायले नाही.

बाहेरून कॉमेंट्री ऐकू येत होती. त्याने तो बॉल खेळला. पुढचा खेळला. मग लोकांचा आरडाओरडा झाला, चौकार. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला सगळं माहीत होतं. टीव्हीतल्या माणसाला मी दिसत नाही, हे माहीत होतं. शेजारच्या टीव्हीचा पॉइंट मीच मांडला होता, कोर्टातल्या माणसाला पटेल असा. तरी मी दाराकडे एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. ही ओव्हर होऊ दे, म्हटलं. मग म्हटलं, याचे पन्नास होऊ दे. पन्नास झाले. मग वाटलं, इतकं जमलेलं आहे तर आता कशाला. त्या पोराने शतक मारलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मॅच संपेपर्यंत मी बाहेर गेले नाही.

इतकी वर्षं मी त्या चौघांवर चिडून होते. त्या दुपारी मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तो राग कुठे नेऊन टाकावा ते मला कळलं नाही. त्यांनी दोन विकेटांवरून ठरवलं होतं. मलाही दोनच पुरल्या.

नवरा दिवेलागणीला आला, रिकामे डबे खुळखुळत. स्वारी खुशीत होती.

"पाह्यली का व?"

"हाव."

"आख्खी?"

"हाव. आख्खी."

तो थबकला. माझ्याकडे पाहत राहिला, मग हसला, अगदी मला पाहायला आला होता तेव्हासारखा. "म्हणजे तू बसली होती अन् आपुन जिंकलो! मी आता सांगतो साऱ्याइले." डबे ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी तू बी चाल मास्तरच्या घरी. बस आमच्यासंग. खुर्चीवर, समोर. कोणी काही म्हणत नाही तुले."

हेच वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. डब्यांना कांद्याचा वास येत होता, मी नळ सोडला.

"नाई," मी म्हटलं, "मले घरी काम हाये."

"बरं," तो म्हणाला आणि कपडे बदलायला गेला.